सही कुणाची मिळते? काळा घोडा महोत्सव: एक प्रकरण अभ्यास

“काका, दोरीच्या अलीकडून फोटो काढा ना. सगळ्यांना मिळेल.”

बोलणारी मुलगी एकोणीस-वीस वर्षांची असेल. गळ्यात ओळखपत्र, काखेत अर्धी रिकामी पाण्याची बाटली आणि डाव्या तळहातावर बॉलपेनने लिहिलेली वेळ: ४ ते ९. आवाज पार बसला होता. बांबूच्या एका मांडणशिल्पाभोवती तिने नायलॉनची दोरी धरली होती. दोरीचे दुसरे टोक बांधायला खांब नव्हता, म्हणून तिथे आणखी एक स्वयंसेवक उभा. दोघांच्या मध्ये दोन-अडीचशे माणसे आणि तितकेच मोबाइल. मुंबईच्या काळा घोडा कला महोत्सवातला शनिवार, संध्याकाळचे सात, रॅम्पार्ट रोचे तोंड.

मी मुकाट्याने मागे सरकलो आणि सरकता सरकता वळलो. महात्मा गांधी रस्त्यापलीकडे एस्प्लनेड मॅन्शन उभी होती. एकाही खिडकीत दिवा नव्हता. ज्या परिसराचा वारसा जपायचा म्हणून हा सगळा उत्सव सुरू झाला, त्याच परिसरातली सर्वांत धोक्यात असलेली इमारत हाकेच्या अंतरावर अंधारात, आणि गर्दीची तिच्याकडे पाठ. दोरी धरणाऱ्या मुलीच्या कष्टांचा त्या इमारतीपर्यंत पोहोचणारा रस्ता आहे की नाही, एवढ्या एका प्रश्नासाठी मी हे प्रकरण उलगडून पाहिले.

घोडा गेला, नाव उरले

काळा घोडा म्हणजे सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाच्या मुंबईभेटीची आठवण म्हणून उभारलेला अश्वारूढ पुतळा. पैसा अल्बर्ट ससून यांचा, शिल्पकार जोसेफ बोहम, अनावरण १८७९चे. १९६५मध्ये पुतळा हलवला. आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. घोडा जाऊनही लोक त्या चौकाला काळा घोडाच म्हणत राहिले. ‘रॅम्पार्ट रो’चेही तसेच. १८६०च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली, तट नाहीसा झाला आणि रस्त्याच्या नावात राहिला. पाटीवर आज के. दुभाष मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला तसे सांगून पाहा.

हा भाग चंद्रकोरीसारखा. दक्षिणेला रीगल चौक, उत्तरेला मुंबई विद्यापीठ, पूर्वेला लायन गेट आणि गोदी, पश्चिमेला ओव्हल मैदान. एवढ्याशा जागेत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९५२ची जहांगीर आर्ट गॅलरी, सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये १९९६ साली सुरू झालेले राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, १८७०च्या इमारतीतले डेव्हिड ससून ग्रंथालय, १८८४चे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग आणि मॅक्सम्यूलर भवन. कलेसाठी वेगळा परिसर उभारायची गरजच नव्हती, तो होताच. त्याला आपण एक परिसर आहोत याची जाणीव तेवढी नव्हती. प्रत्येक संस्था आपापल्या कुंपणात.

१९९५मध्ये मुंबईला वारसा नियमावली मिळाली. देशात एखाद्या शहराने इमारतींची आणि परिसरांची श्रेणीनिहाय यादी करून त्यांना कायद्याचे संरक्षण देण्याची ही सुरुवात. पण यादीत नाव आले म्हणून गळके छप्पर गळायचे थांबत नाही. नियमाने काय करू नये हे सांगितले. काय करावे, आणि ते कुणाच्या खिशातून, हे प्रश्न तसेच राहिले. त्या पोकळीत १९९८ साली रहिवासी, संस्था, दुकानदार आणि वास्तुरचनाकार मिळून काळा घोडा असोसिएशन उभी राहिली. पुढच्याच वर्षी, १९९९मध्ये, पहिला महोत्सव झाला.

क्रम नीट पाहायला हवा. परिसर आधी, संस्था त्यानंतर आणि उत्सव सगळ्यांत शेवटी, पैसा उभा करायचे आणि लोकांना इकडे वळवायचे साधन म्हणून. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उलटे होते. उत्सव आधी ठरतो, मग त्याला ‘वारसा’ हे विशेषण चिकटवले जाते आणि शिल्लक उरलीच तर एखाद्या देवळाच्या दीपमाळेला चुना.

लष्कराच्या भाकऱ्या, पण कुणी कुठल्या भाजायच्या?

नऊ दिवसांचा कार्यक्रम, शनिवारी सुरू होऊन पुढच्या आठवड्यातल्या रविवारी संपणारा. म्हणजे एकाच महोत्सवात दोन शनिवार-रविवार. प्रवेश मोफत. दृश्यकला, नृत्य, संगीत, नाटक, साहित्य, चित्रपट, मुलांचे कार्यक्रम, वारसा-फेऱ्या, कार्यशाळा, नगररचना असे बारा-पंधरा विभाग. प्रत्येक विभागाला स्वतंत्र संयोजक किंवा संयोजकांची चमू, आणि हे काम मानद.

माझ्या मते या रचनेतली खरी करामत या मधल्या फळीत आहे. वरची समिती धोरण ठरवते, बँकेचे आणि परवानग्यांचे बघते. खालची फळी म्हणजे नऊ दिवसांचे विद्यार्थी: दोरी धरणारे, रांग लावणारे, ‘सभागृह भरले’ हे वाईट शब्द हसून सांगणारे. ही मुले दरवर्षी नवी येतात आणि यायलाच हवीत. पण नर्तक कोण, कवी कोण, कुठल्या दिवशी कुणानंतर कोण, हे ठरवणारा माणूस त्या क्षेत्रातला असतो. नृत्याचा विभाग नृत्यातला जाणकार बघतो आणि त्याला चित्रपटाच्या खोलीतल्या प्रोजेक्टरची काळजी नसते. एकाच कार्याध्यक्षाच्या डायरीवर चालणारी मंडळे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वाटून घेणे किती अवघड असते ते ठाऊक असेल. डायरी द्यायला माणूस तयार नसतो, कारण ती दिली की आपले महत्त्व जाते.

विभाग वाटून दिले की दुसरी अडचण येते. प्रत्येक विभाग स्वतःचा छोटा महोत्सव होतो. शनिवारची साडेसातची वेळ सगळ्यांनाच हवी, मोठे व्यासपीठ सगळ्यांनाच हवे. अशा वेळी मध्यवर्ती समितीला ‘नाही’ म्हणावे लागते आणि मानद माणसाला ‘नाही’ म्हणणे पगारी माणसाला म्हणण्यापेक्षा कितीतरी जड. त्याने उद्या राजीनामा दिला तर त्याला थांबवायला तुमच्या हातात काही नाही. म्हणून हौशी संस्थेत वेळापत्रकाची बैठक ही खरी परीक्षा. हिशेबाची नव्हे.

एक फरक मात्र कुणी गोंधळात टाकू नये. स्वयंसेवी म्हणजे सगळेच फुकट नव्हे. मांडव, ध्वनी, प्रकाश, विजेची जोडणी, सुरक्षारक्षक, सफाई ही कामे हौसेवर सोडायची नसतात. रस्त्यात टाकलेल्या केबलवर रबरी पट्टी बसवायची राहिली तर ती ‘आमची मुले नवीन होती’ म्हणून माफ होणारी चूक नाही. कुठले काम हौसेचे आणि कुठले कराराचे, ही रेघ जी मंडळे आखत नाहीत त्यांना ती अपघात आखून देतो.

नऊ दिवसांचा रस्ता

रस्त्यावरचा उत्सव म्हणजे रस्ता मागून आणणे. रॅम्पार्ट रोवर वाहने थांबवायची तर वाहतूक पोलीस, जागेसाठी महापालिकेचे ए विभाग कार्यालय, मांडवासाठी अग्निशमन दल, बंदोबस्तासाठी पोलीस ठाणे. नाटक असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र. शिवाय परिसर वारसा यादीतला, म्हणजे खिळा कुठे ठोकायचा यालाही मर्यादा. यातली एक जरी ना-हरकत अडली तरी सगळे अडते.

पण या जागेची खरी अडचण आवाजाची. ध्वनिप्रदूषण नियमावली, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत सैल करू शकते, आणि ते दिवस सणांसाठी आधीच बोलून ठेवलेले असतात. त्याहून पुढची गोष्ट शांतता क्षेत्राची. रुग्णालये, शिक्षणसंस्था, न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत ते लागू होऊ शकते आणि तिथे दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. पन्नास डेसिबल म्हणजे किती? दोन माणसे शांतपणे बोलत बसली तरी काटा तिथवर जातो. संगीताच्या मैफिलीचे तर नावच नको.

आता काळा घोड्याचा नकाशा आठवा. इकडे एल्फिन्स्टन कॉलेज, तिकडे विद्यापीठ, जवळच न्यायालये. ज्या संस्थांमुळे हा परिसर थोर, त्याच संस्थांमुळे इथे मोठा आवाज करता येत नाही. महोत्सवाने यावर काढलेली वाट म्हणजे पसरणे. रस्त्यावर दृश्यकला, मांडणशिल्पे आणि स्टॉल, ग्रंथालयाच्या मागच्या बागेत साहित्य, बंद सभागृहांत नाटक-चित्रपट, आणि नाचगाण्याचे मोठे कार्यक्रम क्रॉस मैदान, हॉर्निमन सर्कलची बाग, टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या अशा लांबच्या जागी.

अडचणीतून निघालेली ही वाट मला मूळ कल्पनेपेक्षा सरस वाटते. एशियाटिकच्या पायऱ्यांवर नृत्य बघायला गेलेला माणूस टाउन हॉलचे खांब बघतो, येताना हॉर्निमन सर्कलची कमानदार ओळ पायी ओलांडतो. वारसा-फेरीला नाव न नोंदवताही त्याची फेरी होते. तोटा असा की स्वयंसेवक पातळ होतात. एका रस्त्यावरची शंभर मुले आणि सहा जागी विभागलेली शंभर मुले यांत जमीन-अस्मानाचा फरक. त्या दोरीला खांब नव्हता, त्यामागचे कारण कदाचित एवढेच असेल.

मोफत प्रवेशाची किंमत

तिकीट नाही म्हटल्यावर पैसा दोन वाटांनी येतो: प्रायोजक आणि स्टॉलचे भाडे. दोघांनाही एकच गोष्ट हवी असते, गर्दी. म्हणजे इथे गर्दी हेच चलन. ती कमी झाली तर उत्पन्न घटते, वाढली तर दोरीच्या अलीकडची माणसे दोरीवर येतात. कलाकृती किती नीट पाहिली गेली हे प्रायोजकाला मोजता येत नाही, माणसे किती आली ते येते. मग मांडणशिल्पही हळूहळू फोटोत चांगले दिसेल असे होऊ लागते. यात कुणाचा कट नाही, पैशाची वाट जिकडे उतरते तिकडे पाणी जाते.

तिकीट लावावे का? मी तरी म्हणेन, नको. जहांगीरच्या दारातून आत जायला आजही अनेकांचे पाऊल अडखळते. रस्ता अडखळू देत नाही. ज्या शहरात बसायला बाक शोधावा लागतो, तिथे नऊ दिवस भर रस्त्यात चालायला मिळणे हाच कित्येकांसाठी मोठा कार्यक्रम असतो.

एका रांगेतल्या चार इमारती

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. महोत्सवाच्या चौकात उभे राहून पश्चिमेकडे तोंड केले की चार इमारती ओळीने दिसतात: एल्फिन्स्टन कॉलेज, डेव्हिड ससून ग्रंथालय, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आणि एस्प्लनेड मॅन्शन. चारही एकोणिसाव्या शतकात मुळे असलेल्या, २०१८मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या परिसरातल्या. वय, हवा, पाऊस, धूर सारखेच. नशीब मात्र वेगळे.

कॉलेजची इमारत सरकारी, राज्याचे पुराभिलेखागारही तिथेच. ग्रंथालय एका संस्थेचे, सभासदांचे, विश्वस्त असलेले. तिसरी उद्योगसमूहाच्या हाती. चौथी खासगी मालकीची आणि जुन्या भाडेकरूंनी भरलेली, त्यांत न्यायालयाजवळ कचेरी हवी असलेले वकील बरेच.

ग्रंथालयाचे जतनकाम २०२३मध्ये पुरे झाले. वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली नंतरच्या काळातला काँक्रीटचा स्लॅब काढून मूळचे उतरते छप्पर परत आणले. पैसा अनेक देणगीदारांचा, त्यांत काळा घोडा असोसिएशनही. त्याआधी २०१९मध्ये जवळच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगचे काम झाले, तिथेही देणगीदारांबरोबर असोसिएशन होतीच. फोर्टातला बोमनजी होरमसजी वाडिया घड्याळ-मनोरा आणि रतनसी मुळजी जेठा कारंजे ही तिच्या पुढाकाराने झालेली आणखी कामे.

या यादीत एक साम्य आहे. ग्रंथालय, प्रार्थनास्थळ, मनोरा, कारंजे. प्रत्येक ठिकाणी कागदावर ‘होय’ म्हणणारा एकच धनी आहे: विश्वस्त मंडळ किंवा महापालिका. देणगीदाराला धनादेश कुणाच्या नावे काढायचा ते कळते, वास्तुरचनाकाराला चावी कुणाकडे मागायची ते कळते आणि काम संपल्यावर वाढलेल्या भाड्याचा मलिदा कुणाच्या खिशात जाईल ही शंका येत नाही.

एस्प्लनेड मॅन्शनचे तसे नाही. हे मूळचे वॉटसन हॉटेल. १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेला बिडाचा सांगाडा जहाजातून आणून इथे जोडला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे भारतात पहिल्यांदा इथेच दाखवली गेली. म्हणजे महोत्सवाच्या चित्रपट विभागाचे माहेरच म्हणायचे. २००५मध्ये सज्जा कोसळून एकाचा जीव गेला. त्याच सुमारास जगातल्या १०० धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत तिचे नाव आले. २०१९मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती रिकामी केली गेली. पाडा म्हणणारा तज्ज्ञांचा अहवाल आणि वाचवता येईल म्हणणारे जतनतज्ज्ञ, दोन्ही बाजू झाल्या.

इथे हौशी महोत्सवाचा निधी का पोहोचत नाही? रक्कम अपुरी हे एक कारण, पण मुख्य कारण वेगळे. गोठलेल्या भाड्यावर मालकाला दुरुस्ती परवडत नाही. भाडेकरूला वाटते, दुरुस्तीच्या नावाने एकदा बाहेर पडलो की परतीचे दार बंद. दोघांचाही संशय पिढ्यान्‌पिढ्यांचा. सार्वजनिक वर्गणीतून खासगी मालमत्ता दुरुस्त करायची तर वर्गणी देणारे विचारणार, आणि त्यांचे बरोबरच आहे. असोसिएशनने उद्या पैशाची थैली घेऊन दारात जायचे ठरवले तरी कुठल्या दारात, हे सांगता येत नाही.

म्हणून माझा निष्कर्ष असा: असा उत्सव वारसा वाचवतो, पण ज्या वारशाला सही करणारा धनी आहे तोच. धनी नसलेला, किंवा अनेक धनी असलेला वारसा त्याच्या आवाक्याबाहेर राहतो. हा आयोजकांवरचा आरोप नाही. त्यांनी जे जमण्यासारखे होते ते निवडले आणि पुरे केले, आपल्याकडे तेही विरळाच. मात्र महोत्सवाच्या यशावरून परिसराची तब्येत जोखणाऱ्यांनी चौथी इमारत मोजावी.

इमारतींच्या आतल्या जगण्याचे काय, हा आणखी वेगळा कप्पा. जहांगीरमधले समोवार हे उपाहारगृह २०१५मध्ये बंद झाले, समोरचे ऱ्हिदम हाउस हे संगीताचे दुकान २०१६मध्ये. दोन्हींची कारणे वेगवेगळी, महोत्सवाशी संबंध नसलेली. पण ऐन भरात असलेल्या महोत्सवाच्या अंगणात हे घडले, हेही खरे. दगडाला श्रेणी देता येते, टेबलावरच्या गप्पांना नाही.

रस्ता रिकामा असताना

साथीच्या काळात एक योगायोगाचा प्रयोग झाला. २०२१मध्ये महोत्सव पडद्यावर गेला, रस्त्यावर तो परतला थेट २०२३च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात गर्दी नाही, स्टॉल नाहीत. आणि ग्रंथालयाच्या छपराचे काम नेमके त्याच सुमारास मार्गी लागले.

याचा अर्थ मी असा लावतो: इमारतींसाठीचा मोठा पैसा स्टॉलच्या भाड्यातून येत नाही. तो मोठ्या देणगीदारांकडून येतो, आणि ते दार उघडते दोन दशके दरवर्षी वेळेवर उत्सव करून कमावलेल्या विश्वासामुळे. हे लोक बोलले तसे करतात, रस्ता परत साफ करून देतात, हिशेब दाखवतात, ही ओळख हेच महोत्सवाचे खरे उत्पन्न. ताळेबंदात त्याला रकाना नाही. गल्लीतला छोटा उत्सव करणाऱ्यांनी काळा घोड्याकडून मांडणशिल्पे उचलण्याऐवजी हे उचलावे. पहिल्या वर्षी छप्पर दुरुस्त होणार नाही. पहिल्या वर्षी फक्त घेतलेल्या खुर्च्या मोजून परत करायच्या असतात.

२०१७मध्ये चौकात घोडा परत आला, असोसिएशनच्याच पुढाकाराने. कल्पना वास्तुरचनाकार अल्फाझ मिलर यांची, शिल्प श्रीहरी भोसले यांचे. या घोड्यावर स्वार नाही. राजा नको, नावापुरता घोडा हवा, हा तोडगा मला भलताच मुंबईचा वाटतो.

त्या शनिवारी नऊ वाजून गेल्यावर मी परत तिथून आलो. मुलीची पाळी संपली होती. ती घोड्याच्या चौथऱ्याशी बसून, चपला काढून, मैत्रिणीच्या मोबाइलवर दिवसभरातले फोटो बघत होती. एका फोटोत मांडणशिल्पामागे एस्प्लनेड मॅन्शनची काळी बाजू आली होती. “ही कुठली गं?” मैत्रिणीने विचारले. तिने फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि मग मान वर करून रस्त्यापलीकडे.